दलालामार्फत परदेशात लग्न: बंदी घालून प्रश्न सुटतो का?

रानजाई
नमस्कार मंडळी,
नवऱ्याच्या नोकरीमुळे आमचा मुक्काम सध्या दक्षिण कोरियात, चांगवॉनला आहे. लग्न होऊन परदेशातून आलेल्या बायकांसाठी इथे सरकारी केंद्रं आहेत. तिथे कोरियन शिकायला मीही जाते. वर्गात निम्म्याहून जास्त जणी व्हिएतनामच्या, बाकीच्या कंबोडिया आणि फिलिपिन्सच्या. बऱ्याच जणींचं लग्न दलालाने लावलेलं आहे, आणि नवरा-बायकोत पंधरा-वीस वर्षांचं अंतर आहे.

पद्धत अशी. पुरुष एजन्सीला साधारण दीड कोटी वोन मोजतो, म्हणजे आपले नऊ लाखांच्या आसपास. त्यात विमान, हॉटेल, दुभाषी, मुली दाखवणं, लग्न, जेवण सगळं आलं. मुली मेकाँगच्या खोऱ्यातल्या खेड्यांतून हो ची मिन्ह शहरात आणून ठेवायच्या. पुरुष तिथे उतरतो, ओळीने मुली बघतो, एक पसंत करतो आणि आठवड्याच्या आत लग्न लावून परत येतो. व्हिसा झाला की ती मागून येते. दोघांना एकमेकांची भाषा येत नसते.

मला यात सगळ्यात जास्त खुपतं ते हे की सगळे पैसे एकाच बाजूने येतात. त्यामुळे दलालाचं गिऱ्हाईक फक्त पुरुष. मुलीला खरं सांगायला कोणी बांधलेलं नाही, आणि सांगण्यात कोणाचा फायदाही नाही. व्हिएतनामने २००२ सालीच पैसे घेऊन अशी लग्नं जुळवण्यावर बंदी घातली आहे. तरी माझ्या वर्गात दरवर्षी नव्या मुली येतातच. मग बंदीचा उपयोग काय? आणि बंदी नाही, तर दुसरं काय करायला हवं? तुमची मतं वाचायची आहेत.

सुमेध_पी
दीड कोटी वाचून दचकलो, मग वोन आहेत हे लक्षात आलं. पण एक शंका. मुलगी सज्ञान आहे, तिने हो म्हटलं आहे, घरच्यांना थोडे पैसे मिळतात. यात शोषण नेमकं कुठे? आपल्याकडे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात तरी काय वेगळं होतं? माझ्या आईचं लग्न अर्ध्या तासात ठरलं होतं.

टवाळ_पोर
नऊ लाखांत लग्न, विमान आणि हॉटेल? आमच्या पुण्यात तेवढ्यात नुसता हॉल आणि केटरर होतो :)

अनघा_दा
@टवाळ_पोर, हॉलचं रडगाणं दुसऱ्या धाग्यावर गा बाळा, इथे नको.

@सुमेध, तुमच्या आईचं लग्न अर्ध्या तासात ठरलं नाही. त्याआधी कोणीतरी मामा किंवा काका तुमच्या वडिलांच्या गावी जाऊन आला असणार. घर कसं आहे, जमीन कोणाच्या नावावर आहे, मुलगा पितो का, आधीचं काही लफडं आहे का, हे पारावर बसून विचारून आला असणार. आपल्या ठरवलेल्या लग्नात बाकी शंभर दोष आहेत, पण ही चौकशी होते. इथे मुलीकडून चौकशी करायची कोणी? दलालाने? त्याला तर लग्न लागलं तरच पैसे मिळणार.

सुमेध_पी
हा मुद्दा पटला. पण पुरुषाच्या बाजूने तरी चौकशी कुठे होते? तोही फसतच असेल.

रानजाई
अनघाताई, अगदी हेच. सुमेध, पुरुषही फसतात, ते खरं आहे. पण फसल्यावर तो त्याच्याच देशात, त्याच्याच घरात असतो. तिचं काय होतं त्याची एक घटना सांगते. इथे सगळ्यांना माहीत आहे.

जुलै २०१०, बुसान. व्हिएतनामहून आलेली वीस वर्षांची मुलगी. कोरियात पाऊल ठेवून आठच दिवस झाले होते. ४७ वर्षांच्या नवऱ्याने तिचा खून केला. त्याच्यावर कित्येक वर्षं स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते आणि तिला याची कल्पनाही दिली गेली नव्हती. त्याच्याआधी तीन वर्षं, २००७ मध्ये, चोनान शहरात १९ वर्षांच्या व्हिएतनामी मुलीला नवऱ्याने मारून मारून ठार केलं. तिच्या बरगड्या मोडल्या होत्या. ती परत जायचं म्हणत होती आणि नवऱ्याच्या नावाने तिने पत्र लिहून ठेवलं होतं. अपिलात न्यायालयाने त्याला बारा वर्षांची शिक्षा कायम केलीच, शिवाय निकालपत्रात कोरियन समाजालाही खडे बोल सुनावले.

डॉ_केतकी
रानजाई, घटना भयंकर आहे. तरी मनोविकारतज्ज्ञ म्हणून एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. स्किझोफ्रेनियाचे बहुसंख्य रुग्ण हिंसक नसतात. इथे गुन्हा आजार असण्यात नाही, तो लपवण्यात आहे. "लग्न केलं की होईल बरा" हे वाक्य मी माझ्या ओपीडीत मिरजेपासून मालवणपर्यंतच्या आईबापांकडून ऐकते. गोळ्या कॉटखाली लपवून मुलाला बोहल्यावर चढवतात. मग मुलगी माहेरी परत येते, आणि गोळ्या लपवल्या कोणी, असा वाद माझ्यासमोर चालतो. कोरियातल्या त्या नवऱ्याच्या घरच्यांनी त्याचं लग्न लावताना वेगळा विचार केला असेल असं मला वाटत नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे परत जायला माहेर एसटीच्या अंतरावर असतं.

नाना_बार्शीकर
सगळं वाचतोय. थोडं कडू लिहितो, राग मानू नका.

हे कोरियन नवरे राक्षस असल्यासारखं बोलू नका. आमच्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूरच्या कलेक्टर ऑफिसवर लग्न न झालेल्या पोरांनी मोर्चा काढला होता. बाशिंग बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून. लोक हसले, व्हिडिओ फिरले. त्या पोरांचं दुःख कोणी विचारलं नाही. पाच एकर बागाईत, पोरगा निर्व्यसनी, वय ३४, आणि मुलीकडचे म्हणतात पुण्यात फ्लॅट आहे का? पोरगा शिपाई असला तरी चालेल, शेतकरी नको. मग एजंट येतो. लाख-दोन लाख घेतो, लांबच्या जिल्ह्यातली मुलगी दाखवतो, देवळात लग्न लावतो. कधी संसार नीट होतो, कधी मुलगी आठवड्यात दागिने घेऊन गायब होते आणि कळतं की सगळी टोळीच होती.

अनघा_दा
नाना, तुमच्या पोरांबद्दल वाईट वाटतंच. पण मुली गेल्या कुठे, हेही लिहा ना. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४. त्या वेळच्या सहा वर्षांच्या मुलांची आता लग्नाची वयं आली. सोनोग्राफीच्या खोलीत ज्यांना संपवलं त्या आज नवरी म्हणून कुठून येणार? बाहेरून आणा म्हणायचं, आणि बाहेरून आणायची म्हणजे गरिबाघरचीच.

नाना_बार्शीकर
अनघाताई, नाकारत नाही. माझ्या डोळ्यासमोर झालंय ते सगळं. तालुक्याला "सोय" कुठे होते हे त्या काळी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

रानजाई
नाना, कोरियाची गोष्ट तुमच्याकडच्यासारखीच आहे. १९९० साली इथे शंभर मुलींमागे ११६ मुलगे जन्मत होते. मुली शिकल्या, सोलला गेल्या, खेड्यात शेती आणि म्हाताऱ्या आईसोबत थोरला मुलगा राहिला. मग गावच्या प्रशासनांनी शेतकरी पोरांच्या परदेशी लग्नासाठी चक्क अनुदानं दिली, म्हणजे दलालाची फी करदात्यांच्या पैशातून. रस्त्याकडेला "व्हिएतनामी मुलीशी लग्न करा" असे फलक लागत. काहींवर पुढे लिहिलेलं असे, "या पळून जात नाहीत."

जिला पळून जायला जागा नाही अशी बायको हीच जाहिरात होती. वर्गातल्या एकीने मला सांगितलं, तिचं परदेशी नागरिकाचं ओळखपत्र सासूच्या कपाटात कुलपात असतं. ते नसेल तर बँकेत खातं उघडता येत नाही, फोनचं सिम मिळत नाही. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तिने पाठ करायला वाक्यं लिहून ठेवली आहेत. "सासूबाईंना ताप आहे." "औषध जेवणानंतर का आधी?" आणि त्याखाली, वेगळ्या शाईत, "मला माझ्या नावाने खातं उघडायचं आहे."

सावनी_एस
वाचून गलबलून आलं. काही लिहिता येत नाहीये. वाचतेय.

मुक्ता_सागरे
मी थोडी वेगळी बाजू मांडते. कामानिमित्त बरीच वर्षं हो ची मिन्ह शहरात होते. कान थो भागात तान लोक नावाचं एक बेट आहे. तिथल्या इतक्या मुली तैवानला लग्न होऊन गेल्या, की लोक त्याला तैवान बेटच म्हणतात. नदीकाठी झावळ्यांच्या झोपड्या होत्या तिथे पक्की घरं आली, ती मुलींनी पाठवलेल्या पैशातून. तिथल्या बायकांशी बोललं की कळतं, त्या कोणी बिचाऱ्या नाहीत. घरावर कर्ज, धाकट्या भावाची शाळा, गावात मिळणारा नवरा दारुडा. सगळा हिशेब करून त्यांनी जोखीम घेतलेली असते. कित्येकींचे संसार चांगले चालले आहेत. आपण सरसकट "विकलेल्या मुली" म्हटलं, तर तिकडे त्यांच्या मुलांना शाळेत हेच ऐकावं लागतं.

बंदीबद्दल म्हणाल तर फिलिपिन्सने १९९० मध्येच कायदा करून असा धंदा गुन्हा ठरवला. पुढे सगळं इंटरनेटवर गेलं, म्हणून २०१६ मध्ये कायदा परत लिहावा लागला. कंबोडियात एका दलाल बाईने एका कोरियन माणसासमोर २५ मुली उभ्या केल्या, २०१० साली तिला तुरुंगवास झाला आणि सरकारने कोरियन पुरुषांशी लग्नंच थांबवली. थोड्याच दिवसांत ती बंदी उठली. बंदी आली की दलाल जात नाही, त्याचा दर वाढतो. आणि मुलीवर काही बेतलं तर तक्रार करायची पंचाईत, कारण आता तीही बेकायदा गोष्टीत सामील.

सुमेध_पी
मुक्ताताई +१. मीही हेच म्हणत होतो, फक्त मला नीट मांडता आलं नाही.

अनघा_दा
मुक्ता, कोणाला बिचारी म्हणायचा हेतू नाही. पण तिने जोखीम घेतली म्हणून जोखमीतून पैसा करणारा सुटत नाही. कोरियाच्या मानवाधिकार आयोगाने ९२० स्थलांतरित विवाहितांना विचारलं होतं, त्यातल्या ४२ टक्के जणींनी घरात हिंसा सोसल्याचं सांगितलं. हा आकडा "काहींचं वाईट होतं" या सदरात बसत नाही.

चारमिनार_कुलकर्णी
हैदराबादेत वाढलो, म्हणून लिहितो. १९९१ मध्ये विमानात दहा-अकरा वर्षांची मुलगी रडताना एका हवाई सुंदरीला दिसली. शेजारी साठीचा सौदी "नवरा". त्या बाईने विचारपूस केली म्हणून प्रकरण बाहेर आलं. तो जामिनावर सुटला आणि देश सोडून गेला. देशभर गाजावाजा झाला, पण जुन्या शहरातला धंदा काही थांबला नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये हैदराबाद पोलिसांनी ओमान आणि कतारचे नागरिक, दलाल आणि काझी यांना पकडलं, त्यात मुंबईचाही एक काझी होता. अशा प्रकरणांत निकाहाच्या वेळीच कोऱ्या तलाकच्या कागदावर सही घेऊन ठेवत. शेख महिनाभर राहतो, निघून जातो, आणि मुलीच्या हातात कागद.

थेट_बोल
शेवटी विशिष्ट धर्माचा प्रश्न आहे तर.

चारमिनार_कुलकर्णी
नाही. वर व्हिएतनाम आणि फिलिपिन्सचं वाचलंत ना? तिथल्या मुली कोणत्या धर्माच्या आहेत? पाकिस्तानातून २०१८-१९ मध्ये चीनला लग्न लावून नेलेल्या मुलींत बहुतेक गरीब ख्रिश्चन घरच्या होत्या, तिथे तर पाद्री दलालाला सामील होते. ज्याच्या घरात पैसा नाही आणि ज्याच्यामागे कोणी उभं राहत नाही, त्याच्या मुलीपर्यंत दलाल पोहोचतो. कृपया धागा भलतीकडे नेऊ नका.

ॲड_मृणाल
रानजाईच्या मूळ प्रश्नाकडे येते.

कोरियाने २००७ मध्ये दलालांसाठी कायदा केला. बुसानच्या खुनानंतर तो कडक झाला. आता भेटीआधी दोघांची कागदपत्रं एकमेकांच्या भाषेत द्यावी लागतात: आधीची लग्नं, आजार (मानसिक धरून), नोकरी, गुन्हे. १८ च्या आतली मुलगी दाखवायची नाही, एकाच वेळी अनेक मुली समोर उभ्या करायच्या नाहीत. २०१९ मध्ये योंगाममधल्या व्हिएतनामी बाईने लहान मुलासमोर होणारी मारहाण लपून चित्रित केली, तो व्हिडिओ देशभर पसरला. त्यानंतर घरगुती हिंसेचा गुन्हा असलेल्या पुरुषाला परदेशी बायको बोलावता येणार नाही असा नियम आला.

माझ्या मते खरी मेख व्हिसात आहे. पूर्वी बायकोचा व्हिसा वाढवायला नवऱ्याचं हमीपत्र लागे. ती अट २०११ मध्ये काढली. तरी घटस्फोट झाला तर कोरियात राहण्यासाठी चूक नवऱ्याची होती हे तिने सिद्ध करायचं. जुलै २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की संपूर्ण चूक नवऱ्याचीच होती असं दाखवायची गरज नाही, मुख्य जबाबदारी त्याची असली तरी पुरे. तुम्ही विचार करा, मार खाल्ल्याचा पुरावा गोळा करेपर्यंत घर सोडायचं नाही, हे किती बायकांनी सोसलं असेल.

आपल्याकडे हसण्यासारखी स्थिती नाही. अनिवासी भारतीय नवरे लग्न करून, हुंडा घेऊन, महिनाभर राहून पसार होतात. राष्ट्रीय महिला आयोगात यासाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने २८७ व्या अहवालात अशा लग्नांची नोंदणी सक्तीची करा, पासपोर्टवर जोडीदाराचा उल्लेख हवा, असं सुचवलं. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना नवऱ्याचा परदेशातला पत्ताही माहीत नसतो. नोटीस बजावायची तरी कुठे?

जर्सीवाली_आत्या
मृणाल, व्हिसाचं अगदी खरं. आमच्या न्यू जर्सीत मराठी घरातलीच गोष्ट. इंजिनिअर मुलगी एच-४ व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरी करणाऱ्याची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर आली. नवरा रात्री-अपरात्री घराबाहेर काढायचा, आणि म्हणायचा, "पोलिसांना बोलाव, तुझाच व्हिसा जाईल." तिला कमावता येत नव्हतं. २०१५ पासून काही एच-४ वाल्यांना कामाची परवानगी मिळते, पण ती नवऱ्याचं ग्रीनकार्डचं काम पुढे गेलं असेल तरच. म्हणजे पुन्हा किल्ली त्याच्याकडेच. इथल्या मराठी मंडळातल्या दोन-तीन बायकांनी तिला आळीपाळीने घरी ठेवून घेतलं. गणपतीच्या आरतीला तो उजळ माथ्याने येत होता, त्याची मला अजून चीड आहे.

आता कायद्याचं. अमेरिकेच्या संसदेने २००५ साली परदेशी लग्नं जुळवणाऱ्या दलालांसाठी कायदा मंजूर केला. दलालाने पुरुषाची गुन्ह्यांची माहिती काढून मुलीला तिच्या भाषेत द्यायची, आणि तिच्या लेखी संमतीशिवाय तिचा पत्ता त्याला द्यायचा नाही. त्यातली एक सूट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या संस्थेचा मुख्य धंदा परदेशी लग्नांचा नाही, आणि जी स्त्री-पुरुष दोघांकडून सारखी फी घेते आणि सारखी सेवा देते, ती या कायद्यात दलाल धरली जात नाही. रानजाईने पहिल्याच पोस्टमध्ये जे म्हटलंय, ते त्या कायद्यात आहे.

नाना_बार्शीकर
आत्याबाई, हे वाचून थांबलोच. आमच्याकडे वधूवर मेळाव्यात मुलीची नोंदणी फुकट, मुलाला हजार-दोन हजार. आम्हाला वाटायचं मुलीच्या बापावर उपकार करतोय. फुकट म्हणून मुलीकडच्यांना कोणी काही विचारू देत नाही, एवढं मात्र खरं. तिच्या बापाने मुलाचा सातबारा मागितला तर आयोजक म्हणतो, "तुम्ही कुठे पैसे भरलेत?"

टवाळ_पोर
नाना, हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, आमच्याच समाजाच्या मेळाव्यात. माझ्या बहिणीच्या वेळी. या वेळी थट्टा नाही.

मुक्ता_सागरे
व्हिएतनाममध्ये महिला संघटनेची लग्नाआधी सल्ला देणारी केंद्रं आहेत, नफा न घेता चालणारी. तैवाननेही खाजगी कंपन्यांचा हा धंदा बंद करून फक्त ना-नफा संस्थांना परवानगी ठेवली आहे. अडचण अशी, की दलाल गावात घरापर्यंत येतो आणि केंद्र शहरात असतं. मुलीच्या आईला दलाल ओळखीचा वाटतो. बहुतेक वेळा ती शेजारचीच बाई असते, जिची स्वतःची मुलगी आधी गेलेली असते.

रानजाई
सगळ्यांचे आभार, विशेषतः मृणाल आणि आत्याबाई. माझं मत आता असं आहे: धंद्यावर सरसकट बंदी नको, पण मुलीला दाखवायची कागदपत्रं दलालाने नव्हे, सरकारने तिच्या हातात द्यावीत, तीही लग्नाआधी आणि दलाल खोलीत नसताना. आणि तिचा इथे राहण्याचा हक्क पहिल्या दिवसापासून तिच्या एकटीच्या नावावर असावा. हे दुसरं झालं तर "पळून जात नाहीत" असं कोणाला छापताच येणार नाही. कोरियात कोणाच्या ओळखीत अशी कोणी असेल तर १५७७-१३६६ हा क्रमांक द्या. व्हिएतनामीसह अनेक भाषांत चोवीस तास बोलतात.

सुमेध_पी
एक प्रश्न राहिला. लग्न मोडून ती परत गेली तर मुलांचं काय होतं?

रानजाई
सुमेध, चांगलं विचारलंत. व्हिएतनामच्या हाउ झांग भागात अशी बरीच मुलं आजी-आजोबांकडे वाढत आहेत. जन्म कोरियात, पासपोर्ट कोरियन, व्हिएतनामचा व्हिसा संपलेला. कागद नाहीत म्हणून शाळेत नाव घालायला अडचण, दवाखान्यात विमा नाही. बाप पैसे पाठवत नाही, नवा पासपोर्ट काढायचा तर त्याची सही हवी. माझ्या वर्गातल्या एकीची बहीण अशीच मुलाला घेऊन परत गेली आहे. मुलगा सहा वर्षांचा, अजून शाळेत नाही.

ॲड_मृणाल
तिचा घटस्फोट कोरियात नोंदला गेला आहे का, ते आधी विचार. बऱ्याच जणी नुसत्या निघून येतात. मग दोन्हीकडे त्या विवाहितच राहतात, आणि मुलाचा ताबा कोणाकडे हे कागदावर कधी ठरतच नाही. तो निकाल हातात असेल तर बापाच्या सहीची अट सुटू शकते.

रानजाई
नोंदलेला नसावा असं वाटतं. शुक्रवारी केंद्रात वकील येतात. वर्गातल्या मैत्रिणीला घेऊन जाते, बहिणीला तिकडून फोनवर घेऊ. काय सांगतात ते इथे लिहिते.